आषाढातल्या बाळाची खोली

लेकीला डॉक्टरांनी जुलैच्या मध्याची तारीख दिली, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मी मागच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत बघून आले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या डिचोलीच्या घरी, हे आधीपासून ठरलेलं होतं. पुण्याहून ती रोज फोटो पाठवायची: फिकट निळ्या भिंती, ढगांचे स्टिकर, पाळण्यावर लोंबणारे चांदण्या आणि हत्ती. फोटो सुंदर होते. पण ते ज्या घरांचे होते, तिथे आषाढ नसतो.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. मधे राजांगण, मागे परसू. चिरा पाणी पितो. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर कुणी घातलेला नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी चिऱ्यातून हळूहळू वर चढतं, आणि नैर्ऋत्येचा पाऊस बाहेरून त्याच भिंतीवर आपटत राहतो. या भिंतीला पूर्वी चुन्याचा गिलावा होता. पावसात ती भिजायची आणि दिवाळीपर्यंत आपली आपण कोरडी व्हायची. नंतरच्या दुरुस्तीत खालच्या कमरेएवढ्या पट्ट्याला सिमेंट लागलं, त्यावर प्लॅस्टिक इमल्शन चढलं, आणि ओल आतच कोंडली. तेव्हापासून दर श्रावणात रंगाचे पोपडे निघायचे, मागे पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, दिसायचा, आणि कपाट सरकवलं की काळी बुरशी.

नवजात मूल दिवसातले 14 ते 17 तास झोपतं. ते सगळे तास ते याच खोलीची हवा घेणार होतं. बुरशीची बीजं त्या हवेत असतील तर वर ढग चिकटवा नाहीतर चांदण्या, खोली सजली असं मला म्हणता येणार नव्हतं. म्हणून आधी भिंत वाळवायची, मग सजवायची, असा क्रम मी धरला. शिगमो संपला तसं काम काढलं, कारण मृगाच्या आधी सगळं पुरतं सुकायला हवं होतं.

पहिल्या गवंड्याने वॉटरप्रूफ रंगाचा आणखी एक थर सुचवला. हल्ली सगळे तेच सुचवतात, आणि जुन्या चिऱ्याच्या घराला तेच बाधतं. पाणी जमिनीतून येतं आहे, ते बाहेर पडायला वाट हवी. तुम्ही आतून पृष्ठभाग बंद केलात तर ते आणखी वर चढून दुसरीकडे फुटतं. मला चुन्यात हात चालणारा माणूस हवा होता. तसे आता फार उरले नाहीत. पेडण्याकडचे एक वयस्कर गवंडी मिळाले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, बोटाने त्या क्षाराची भुकटी खरडली आणि म्हणाले, “बाई, हिला आधी श्वास घेऊ दे.” सिमेंटचा पट्टा खाली चिऱ्यापर्यंत काढला. चिरे काही दिवस तसेच उघडे ठेवले, दुपारी खिडक्या उघडून पंखा लावून. मग चुना आणि रेतीचा गिलावा, पातळ थरांत, एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही.

वरून देण्याचा चुनाही घरीच भिजवला. कळीचा चुना पाण्यात पडला की पाणी खदखदतं, वाफा येतात. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, आणि जवळ कुणा लहान मुलाला येऊ देऊ नये. भिजलेला चुना पाण्याखाली मुरू दिला, मग जुन्या धोतराच्या कापडातून गाळला. त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी, म्हणजे तो अंगाला लागत नाही, आणि चिमूटभर नीळ. भिंतीवर आधी पाण्याचा हात फिरवायचा आणि ओल्या भिंतीवर कुंचला ओढायचा. ओढताना काहीच लागलं नाही असं वाटतं, नुसतं दुधाळ पाणी दिसतं. तासाभराने बघावं तर ती रेघ पांढरीशुभ्र होऊन वर आलेली असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, आणि त्याच्या क्षारपणामुळे बुरशीला त्यावर धरता येत नाही. शिवाय ताज्या रंगाचा तो डोक्यात जाणारा वासही नाही.

बाहेरच्या बाजूने मे महिन्याच्या शेवटी नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधले, आमच्या सासऱ्यांच्या वेळी बांधायचे तसे. आता लोक पत्रा किंवा प्लॅस्टिक लावतात. झापांवरून पाणी ओघळून जातं आणि मागून वारा खेळतो. पावसाळ्यानंतर ते काढून बंबात घालता येतात.

दारं-खिडक्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्यावर पिढ्यांचा हिरवा ऑइल पेंट होता, एकावर एक. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये आले आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. शिसं लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला अपाय करतं, आणि गरोदरपणी आईच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोचतं. रंगाऱ्याला सुक्या सॅंडपेपरने सगळं घासून नवं करायचं होतं. मी ते होऊ दिलं नाही. जिथे जुना रंग घट्ट होता, तिथे तो तसाच ठेवून वर नवा थर दिला. खिडकीच्या ज्या कडा एकमेकींवर घासून कपचे निघतात, तेवढ्याच ओल्या करून, खाली प्लॅस्टिक अंथरून खरवडल्या. निघालेलं सगळं गुंडाळून बांधलं आणि जमीन ओल्या फडक्याने अनेकदा पुसली. हे सगळं लेक यायच्या आधी उरकलं. ज्यांच्याकडे जुनं घर आहे आणि दिवस गेलेली सून किंवा लेक आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: घासकाम चालू असताना तिला त्या घरात ठेवू नका.

त्या खोलीत एक खिडकी शिंपल्यांची आहे. लाकडी चौकटींत काचेऐवजी बसवलेले चपटे, पारभासक शिंपले. त्यातून दुपारचं ऊनही दुधासारखं आत येतं. काही शिंपले कडेला पापुद्रे सुटून धारदार झाले होते, ते मेस्तने, म्हणजे सुताराने, काढून जुन्या साठ्यातले दुसरे बसवले. पडदा लावायची गरज उरली नाही.

लेक सातव्या महिन्यात आली, ओटीभरण झालं, आणि खोलीत शिरून तिने चारही बाजूंना पाहिलं. “आई, फार पांढरी वाटते गं. दवाखान्यासारखी.” तिचं म्हणणं खरं होतं. मी तिला मोरजीला मोरजाईच्या देवळात घेऊन गेले.

कावी काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेला थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग वर काढतात. वेली, फुलं, पक्षी, देवादिकांच्या आकृत्या, सगळं फक्त दोन रंगांत. गोव्याच्या आणि कारवारकडच्या जुन्या देवळांतून ते काम अजून थोडंफार टिकून आहे. बरंचसं जीर्णोद्धाराच्या नावाखाली टाइल्सखाली गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. लेक बराच वेळ त्या भिंतीसमोर उभी होती. परतताना गाडीत तिने पिशवीतल्या एका पावतीच्या पाठीवर वेल काढायला सुरुवात केली होती.

खरं कावी काम हे कसबी माणसाचं. आम्ही त्याची नक्कल केली नाही. काव चुन्याच्या निवळीत कालवली आणि कुंचल्याने भिंतीच्या मध्यावर हातभर रुंद पट्टा रंगवला. तांबडी माती आणि चुना, दोन्ही भिंतीला श्वास घेऊ देणारे. लेक खुर्चीवर बसून हात पोचेल तेवढंच काढायची, मी वरचं आणि कोपऱ्यांतलं. तिने अबोलीचे वळेसर काढले, माडावरची खार काढली, एक म्हैस काढली, मांडवीतली फेरीबोट काढली. तिचे बाबा येता-जाता काय काढू ते सांगत राहायचे. त्यांच्या सांगण्यावरून एक फणसही आहे. पुण्याहून आणलेले ढगांचे स्टिकर तिने स्वतःच बहिणीच्या मुलीला देऊन टाकले.

आता सासूबाईंविषयी. त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे, आणि या घरातली चार-पाच बाळंतपणं त्यांनी स्वतः काढलेली. बाळंतिणीची खोली म्हणजे त्यांच्या मनात एक पक्कं चित्र आहे: खिडकी बंद, दार लोटलेलं, वारा नको, उजेड नको, खाटेखाली शेगडी आणि सकाळ-संध्याकाळ ओवा, वेखंड, बाळंतशेपाची धुरी. माझी दोन्ही बाळंतपणं याच खोलीत तशीच झाली. शिंपल्यांच्या खिडकीला गोणपाट ठोकलेलं होतं. दिवस कुठला, रात्र कुठली कळत नसे. डोळे चुरचुरत, बाळ खोकत असे, आणि मला कारण नसताना रडू येई. तेव्हा मला ते कुणाला सांगता आलं नाही. त्या सगळ्या मागे प्रेम होतं हे मला तेव्हाही कळत होतं. जंतुसंसर्गाने बाळंतिणी दगावत त्या काळात वारा, ओल आणि माणसं दूर ठेवणं हाच त्यांना ठाऊक असलेला उपाय होता.

पण माझ्या लेकीने त्या अंधारात राहू नये, हे मी मनाशी ठरवलं होतं. आपण म्हणतो बाळाची खोली, पण पहिला सव्वा महिना ती खरी बाळंतिणीची असते. रात्रीचं जागरण तिचं, टाके तिचे, दुधाची काळजी तिची. जन्मलेल्या बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरपर्यंतचंच काय ते नीट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जितका दूर असतो तितकंच. भिंतीवरची वेल त्या दिवसांत बघणार ती आईच.

सासूबाईंशी मी वाद घातला नाही. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना त्यांनाच बरोबर नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याशी आदराने, सावकाश बोलून दोन गोष्टी सांगितल्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने झोपेतच जीव जातो. दुसरं, नवजात फुप्फुसांना धूर कसलाच चालत नाही, मग तो ओव्याचा असो, अगरबत्तीचा असो की मच्छर कॉइलचा. येताना त्या गप्प होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “मग कपडे कसे वाळवणार?”

प्रश्न अगदी नेमका होता. आषाढात दुपटी आणि लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात. त्याचा बंदोबस्त त्यांनीच केला. मागच्या पडवीत, चारी बाजूंनी उघड्या जागी, शेगडीवर वेताची मोठी टोपली उलटी घालायची आणि तिच्यावर कपडे पसरायचे; मग आत आणण्याआधी प्रत्येक कपड्यावर गरम इस्त्री. ते खातं शेवटपर्यंत त्यांच्याकडे होतं आणि त्यात त्यांनी कुणाला हात घालू दिला नाही.

पाळणा आमच्या घरात आहे, लाखेच्या रंगांनी सजवलेला, चितारी कारागिरांनी केलेला. त्यात या घरातली सगळी मुलं झोपली. रिकामा पाळणा हलवायचा नाही, म्हणून तो माळ्यावरून उतरवताना सासूबाईंनी त्यात नारळ ठेवला. पण त्याच्या दांड्यांमध्ये माझी मूठ सहज जात होती. दोन दांड्यांतलं अंतर साधारण 6 सेंटीमीटरहून जास्त असू नये, नाहीतर बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं. शीतपेयाचा डबा आत जात असेल तर तो पाळणा रात्रीच्या झोपेचा नव्हे. तेव्हा पाळणा बारशासाठी आणि दिवसा कुणीतरी समोर बसलेलं असताना. तुळईतली कडी आणि नवे दोर मेस्तने वजन टांगून तपासले.

रात्रीसाठी साधी लाकडी खाट, लेकीच्या पलंगाला लागून. काथ्याची टणक, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर. बस. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत, कडेच्या कापसाच्या गाद्या नाहीत. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने या कडेच्या गाद्यांच्या विक्रीवरच बंदी आली, कारण बाळाचं तोंड त्यात दबून गुदमरतं. बाळ नेहमी उताणं झोपवायचं, आणि निदान पहिले सहा महिने आईच्याच खोलीत पण आपल्या वेगळ्या जागेवर. सासूबाईंनी डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी शिवून ठेवली होती. डॉक्टरांचं ऐकल्यावर त्यांनी तिची शिवण उसवली, राई पुन्हा डब्यात ओतली आणि त्याच मऊ कापडाचं टोपरं शिवलं.

घरची वाकळ मात्र हवीच होती, अंथरून खेळवायला. ती पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत होती. याविषयी फार कुणाला माहीत नसतं, म्हणून थांबून सांगते. काही बाळांच्या रक्तात जी6पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनचा नुसता वास लागलेल्या कपड्यांनीही तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. बाळाला आधी जुने, वापरून मऊ झालेले कपडे घालायची आपली पद्धत आहे, आणि ते जुने कपडे नेमके या गोळ्यांतच ठेवलेले असतात. मे महिन्यातच सगळं काढलं, धुतलं, दिवसभराच्या उन्हात उलटसुलट केलं, पुन्हा धुतलं. नंतर ठेवताना फक्त वाळवलेली कडुनिंबाची पानं.

डासांसाठी खिडक्यांना बारीक जाळी आणि खाटेवर मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारच्या झोपेलाही ती सोडायचीच. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी रीत आहे. ते पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर तिथेच डास होतात. रोज ओतून, वाटी घासून पुन्हा भरायची हे काम लेकीच्या बाबांनी घेतलं. परसातल्या कुंड्यांच्या ताटल्या तर मी काढूनच टाकल्या.

बसायला आमची वोल्तेर होती, लांब हातांची आरामखुर्ची. ती खोल आहे, टाक्यांसकट तीतून उठणं जिवावर येतं. त्यापेक्षा ताठ पाठीची, हात असलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि पायाखाली पाट हे जास्त सोयीचं झालं. रात्रीसाठी मंद पिवळा दिवा, लेकीचा हात पोचेल असा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मागे हवा खेळते. सावंतवाडीच्या चितार आळीतून जावयाने लाकडी फळं आणि एक बैलगाडी आणली. ती वरच्या फळीवर आहेत, बारीक तुकडे तोंडात जायचं वय सरेपर्यंत तिथेच राहतील.

नात जन्मली तेव्हा पाऊस सलग कोसळत होता. बाहेरची आर्द्रता नव्वदीत होती. आम्ही हवेतली ओल ओढणारं एक यंत्र आणलं होतं आणि एक छोटा मापक. खोलीतला आकडा साठीच्या आसपास राहील इतपत ते यंत्र दुपारी चालवायचो, वीज गेली की बंद. बाळ आणि बाळंतीण घरी आल्यावर मी रोज सकाळी त्या भिंतीला तळहात लावून बघायचे. खालच्या वीतभर भागात थोडा गारवा जाणवायचा, चुना किंचित गडद दिसायचा, आणि पाऊस उघडला की पुन्हा पांढरा व्हायचा. पोपडा एकही नाही. कपाटामागेही काही नाही.

लेक पहाटेचं दूध पाजताना खिडकीकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, “आई, रात्री मी त्या वेलीची पानं मोजते. झोप येत नसली की बरं वाटतं.” सासूबाई सटीच्या रात्री त्याच पट्ट्याखाली पाट मांडून बसल्या होत्या, आणि बारशाला आलेल्या बायकांना फेरीबोट दाखवत होत्या.

चवथ झाली, दिवाळी झाली, आता नात पालथी पडते आणि हातावर रेटा देऊन मान उचलते. तांबडं-पांढरं तिला लांबूनही दिसायला लागलं आहे. म्हशीकडे बघून ती आवाज काढते. रांगायला लागण्याआधी मेस्तला पुन्हा बोलवायचं आहे. कपाट आणि फडताळ पट्टीने भिंतीला जखडायचं, खालचे प्लग झाकायचे, शिंपल्यांच्या खिडकीची खालची खिट्टी वर न्यायची, आणि झाप उतरवल्यावर बाहेरच्या बाजूचा उरलेला सिमेंटचा पट्टाही या उन्हाळ्यात काढून घ्यायचा. पेडण्याच्या गवंड्यांना निरोप गेला आहे. बरोबर एक शिकाऊ मुलगा आणतो म्हणालेत.